मामीनं रोवलेलं बांडगूळ

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या दिवाळीला भाऊ न्यायला आला की माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं मी उन्हाळ्यातच ठरवून ठेवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. भांडण नव्हतं, मारझोड नव्हती, नवरा दारूला शिवत नव्हता. नुसतं मन लागत नव्हतं. आता मन लागत नाही हे काय सासर सोडायचं कारण झालं, असं तुम्ही म्हणाल. मी पण स्वतःला तेच विचारायची, आणि उत्तर सापडेपर्यंत अंगणात चकरा मारत राहायची.

आम्ही होतो चांदा जिल्ह्यात; महाराष्ट्र व्हायचा होता, तो मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात. माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार. नाक्यावर राहायचं, जंगलाची राखण करायची, आणि कूपात, म्हणजे ज्या पट्ट्यातली झाडं त्या साली तोडायची असतात तिथे, तोडीवर लक्ष ठेवायचं. आमचा नाका भामरागडच्या अलीकडे, नाल्याच्या काठी. दोन खोल्या कुडाच्या, वर कवेलू, पुढे ओसरी आणि ओसरीपुढे मोहाचं एक जुनं झाड. बाकी काही नाही. वस्ती होती माडिया लोकांची, पण ती दूर, आणि त्यांची भाषा मला येत नव्हती.

मी आली धानाच्या मुलखातून. आमच्याकडे घरात इतकी माणसं की एकटं बसायचं तर कोठीत जाऊन बसावं लागे. आणि इथे हे सकाळी जंगलात गेले की कधी संध्याकाळी येत, कधी तीन-चार दिवसांनी. मी तांदूळ निवडायची. निवडलेले पुन्हा निवडायची. एकदा तर त्यातले खडे परत तांदळात टाकून निवडले, खोटं नाही सांगत.

अशात एक दिवस हे कूपातून आले ते हातात एक झाडोरा लोंबकळवत घेऊन. पानं जाड, मधोमध दुमडलेली, पन्हाळीसारखी, दोन्ही बाजूंनी एकावर एक. आणि खाली मुळं, सुतळीएवढी जाड, पांढरी राखट, मातीचा कण नाही.

मी म्हटलं, "हे काय आणलं?"

"पाडलेल्या झाडावर होतं. फूल चांगलं येते त्याले."

"बांडगूळ आहे हे."

"असंल."

"घरात कोणी बांडगूळ आणते काय?"

"मंग घरात नको ठेवू. झाडाले बांध." असं म्हणून ते आंघोळीला गेले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. त्या माणसानं आपल्या मनानं मला आणून दिलेली ही पहिली वस्तू. लुगडं नाही, बांगडी नाही, बांडगूळ. त्याला आमरी म्हणतात, ते ज्या झाडावर बसतं त्याचं काही खात नाही, नुसतं धरून असतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आमच्याकडे झाडावर वाढेल ते सगळं बांडगूळच. आणि बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जीवावर जगणारं. आमच्या आंब्यावर दिसलं की माझे वडील कोयत्यानं उतरवायचे.

तरी मी ते फेकलं नाही. जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि मोहाच्या खोडाला, माझा हात पोचेल अशा उंचीवर, सकाळचं ऊन येईल त्या बाजूला बांधून टाकलं. बांधताना बघते तर प्रत्येक पानाचं टोक कुरतडलेलं. मला वाटलं उंदीर. मी यांच्याकडून पिंजरा मागून घेतला, झाडाखाली लावला, त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. पिंजऱ्यात खार सापडली. तिला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुढे नवं पान फुटलं तेही कुरतडलेल्या टोकाचंच फुटलं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ते पानच तसं असतं, जन्मतः.

पण खरी गंमत मुळांची. राखेसारखी पांढरी मुळं, त्यांच्यावर ओंजळभर पाणी मारलं की बघता बघता हिरवी व्हायची. जशी काय आतून कुणी दिवा लावला. वाळली की परत पांढरी. मी पाणी मारायची, हिरवी होताना बघायची, वाळायची वाट बघायची, पुन्हा मारायची. तांदूळ निवडणं सुटलं.

वस्तीतली एक माडिया बाई बांबूचे कोवळे कोंब विकायला यायची, वास्ते म्हणतो आम्ही त्याला. तिनं ते बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून हसत सुटली. तोडक्या मराठीत म्हणाली, "झाडावरचं काढलं. झाडावर बांधलं. काऊन?"

तिचं बघून मी पण हसले. नाक्यावर आल्यापासून इतकी मोकळी पहिल्यांदाच हसले असेन.

पाऊस लागायच्या जरा आधी सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणायची. आल्या होत्या आठ दिवसांसाठी, पोराचा संसार बघायला. आणि बघता बघता नदी चढली, रस्ता बंद. आमच्या तिकडे तेव्हा एकदा पाऊस लागला की जो जिथे आहे तो तिथेच, दसऱ्यापर्यंत. मामी अडकल्या.

आता मामी म्हणजे कोण, तर गावात रोवण्याला सगळ्यात पुढची बाई. धानाचं आधी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, रोप करतात, त्याला आम्ही पऱ्हे म्हणतो. ते पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि दुसऱ्या बांधीतल्या चिखलात ओळीनं लावायचे, तो रोवणा. मामींनी नऊवारीचा काचा मारून बांधीत पाय टाकला की बाकीच्या बाया त्यांच्या मागे. एवढ्या वर्षांत त्यांचा रोवणा कधी चुकला नव्हता. आणि आता तिकडे आपल्या बांधीत दुसऱ्याच बाया वाकलेल्या असणार, आणि आपण इथे ओसरीवर. त्यांच्या जिवाची नुसती तगमग. दिवसातून दहादा नाल्यापर्यंत जायच्या, पाणी बघायच्या, परत यायच्या.

"उतरलं काय मामी?"

"चढलं. बेशरम आहे तो नाला."

मी अंगणात चकरा मारते, त्या नाल्यापर्यंत. एका घरात दोन बाया, दोघींचे पाय ठरत नाहीत, आणि दोघी एकमेकींना म्हणतो, जरा बस ना वो.

"माहे हात खाजते," त्या म्हणायच्या, आणि खरंच हात चोळायच्या. मग त्यांनी लावायला सुरुवात केली. मिरच्या लावल्या, वांगी लावली, भेंडी लावली. कुठून तरी आल्याचा तुकडा काढून तो लावला. हे एकदा घरी आले, अंगण बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "खराटा आत घे. नाईतं त्यालेई रोवंल माय."

माझ्या बांडगुळाकडे मामी पहिल्या दिवसापासून वाईट नजरेनं बघायच्या. त्यांना त्याच्या मुळांची लाज वाटायची, खरोखरची लाज. म्हणायच्या, "मुळं अशी उघडी ठेवते काय कोणी? नागडं लेकरू दारात टांगल्यासारखं दिसते."

"ते तसंच असते, मामी."

"कोणतंच तसं नसते. मुळाले माती पायजे. माणसालेई पायजे."

आणि पावसात ते बांडगूळ तर अगदी मजेत होतं. काही करावं लागत नव्हतं. मुळांची टोकं हिरवी चकचकीत झाली होती, रोज थोडी थोडी पुढे सरकत होती, एका मुळानं तर मोहाची साल पकडली होती. मी बोटानं हलवून बघितलं, सुटेना. मला इतका आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, तुला काय त्याचं, तू तर दिवाळीला चालली. ट्रंकेत चांगली लुगडी घडी घालून ठेवलेली होती. आल्यापासून काढलीच नव्हती.

पोळ्याच्या सुमाराला एक दिवस उघाडी पडली. मी धुणं घेऊन नाल्यावर गेले. परत येते तर मोहाचं खोड रिकामं. लुगड्याचा काठ तेवढा लोंबत होता. मामी परसात, हात कोपरापर्यंत चिखलात, तोंडावर समाधान. त्यांनी आळं केलं होतं, शेण टाकलं होतं, चिखल कालवला होता आणि त्यात माझं बांडगूळ कंबरेपर्यंत पुरलं होतं. वरून एक तांब्या पाणीही.

"रोवून देलं," त्या म्हणाल्या. "आता पाहाय कसं उठते ते."

मी बादली खाली ठेवली. "कोणाले विचारून?"

"विचाराचं काय त्यात? पऱ्हे रोवताना पऱ्ह्याले विचारते काय कोणी?"

"ते पऱ्हा नाई, मामी."

"सगळेच पऱ्हे असते. तू नाई काय? एका बांधीतून उपटलं, दुसऱ्या बांधीत लावलं. चार दिवस मान टाकते पऱ्हा, मंग धरते."

"मी पऱ्हा नाई."

हे जरा मोठ्यानं निघालं. मामींनी माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला गेल्या. मला ते तेव्हाच उपटून घेता आलं असतं. पण मोठ्या बाईनं लावलेलं रोप तिच्या डोळ्यांदेखत उपटायचं, एवढी हिंमत नव्हती. आणि खरं सांगू, मनात असंही आलं की त्यांच्या हातचं काही मरत नाही, कदाचित त्यांनाच कळत असेल. कदाचित मलाच माती कशाला म्हणतात ते माहीत नसेल.

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी मग चुलीशीच बोलायला सुरुवात केली. "पाहाय बाई चुली, आपल्याशी कोणी बोलत नाई."

बांडगूळ काही उठलं नाही. आधी खालचं पान पिवळं झालं. मामी म्हणाल्या, मान टाकते तसं. मग दुसरं. मामींनी आणखी शेण घातलं. मग बुंध्याशी काळं पडायला लागलं, आणि एका सकाळी मामी माझ्याआधी उठून परसात बसलेल्या दिसल्या. त्यांनी ते हलक्या हातानं वर काढलं होतं आणि मांडीवर घेतलं होतं. मुळं नव्हतीच म्हणा ना. बोटात धरलं की साल निसटून यायची, आत नुसता धागा. वास सडक्या धानासारखा.

"मेलं काय?" मी विचारलं.

त्यांनी ते तसंच मांडीवर धरून ठेवलं. त्या दिवशी जेवल्याही नाहीत. मी ताट वाढून दोनदा बोलवायला गेले.

"मामी, झाडच होतं ते."

"माह्या हातचं आजपर्यंत काई मेलं नाई," त्या म्हणाल्या. "धान नाई, मिरची नाई. मी कोरड्या बांधीत रोवलं ते उठलं. अना हे माह्या हातानं सडलं."

मला राग यायला हवा होता. पण त्या चेहऱ्यावर राग कसा करायचा? मी विळा आणला. आम्ही दोघी ओसरीवर बसलो आणि सडलेलं सगळं कापून टाकलं. मामी कापत होत्या, मी चुलीतली राख कापलेल्या जागी चोळत होते. शेवटी एक मूळ उरलं. वरच्या बाजूचं, मातीत न गेलेलं, बोटाएवढं. पाणी मारलं तर थोडं, अगदी थोडं, हिरवं झालं.

"जीव आहे," मी म्हटलं.

मामी त्या मुळाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू दिवाळीले जाशीन तं येशीन ना परत?"

माझा हात राखेतच राहिला. "काऊन असं विचारता?"

"मी आली तेव्हापासून पाहून राह्यली. उन्हाळा काढला तू इथी. दारात एक वेल लावला नाई. दोडका नाई, कोहळं नाई. जिले राहाचं असते ते बाई आधी वेलाले मांडव घालते. तू लावलं काय, तं ज्याले मातीच लागत नाई ते. उद्या सोडून नेता येते असं." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणून मी त्याले मातीत घातलं. मले वाटलं, हे धरंल तं तूई धरशीन."

मी खोटं बोलणार होते. नाही बोलता आलं. म्हटलं, "माहं मन नाई लागत इथी, मामी."

"माहं तरी कुठी लागून राह्यलं."

"तुमचं गाव आहे. तुम्ही जासान तिकडं."

"माहं गाव? मी पहिल्या वर्षी तीनदा पळून गेल्ती त्या गावातून." आणि त्या हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा. "एकदा तं तुह्या सासऱ्याची बैलगाडी घेऊन."

"मग परत कशाला आला?"

"पहिल्यांदा बापानं आणून सोडलं. दुसऱ्यांदाई बापानंच. तिसऱ्यांदा माहीच मी आली. रोवणा होता. यांच्याकडं बाया कमी होत्या." विळा पुसत म्हणाल्या, "असं काई मोठं कारण लागत नाई वो पोरी. जाले लागत नाई, अना येलेई लागत नाई."

ते मूळ आम्ही पुन्हा मोहाच्या खोडाला बांधलं, या खेपेला सावलीच्या बाजूला. काठ मी धरला, गाठ मामींनी मारली. जरा घट्टच मारली.

दिवाळीच्या तोंडावर भाऊ बैलगाडी घेऊन आला. नदी उतरली होती. मामी त्याच गाडीत, आपल्या गावापर्यंत. मी ट्रंक उचलली ती जड लागली, लुगडी सगळी आत होती. निघताना मोहाशी गेले. दोन पानं, एक मूळ. मुळाच्या टोकाशी काही हिरवं आहे की नाही, ते त्या सकाळच्या धुक्यात नीट दिसेना.

हे गाडीशी उभे. मी म्हटलं, "थंडीत त्याले पाणी जास्त घालू नका."

"नाई घालत."

"घालाच नका. दवच पुरते."

"बरं."

बोलायचं तेवढंच होतं. गाडी निघाली.

माहेरी गेले आणि काय सांगू, तिथेही ठरेना. जे घर मला भरलेलं हवं होतं ते भरलेलं होतं, आणि मी कोठीत जाऊन बसायची. कोठीत बसून विचार काय, तर ते टोक हिरवं होतं की नव्हतं. हे पाणी घालत असतील. माणूस भला, सांगितलं की विसरणारा. भल्या माणसाच्या हातात तांब्या आला की तो घालतोच. धान घरात आलं, मळणी झाली, पूस, म्हणजे पौष, लागला. आई खूश, पोरगी राहिली म्हणून. आणि एक दिवस मी म्हटलं, "जाऊन येते."

"कुठी?"

"नाक्यावर. चार दिवस. एक झाड पाहाचं आहे."

"कशाचं झाड?"

मी खरं ते सांगितलं. "बांडगूळ."

आईनं सूप खाली ठेवलं. "नवऱ्यासाठी जाते म्हण, सासूसाठी जाते म्हण. बांडगुळासाठी सासरी गेलेली बाई मी नाई पाह्यली."

"पाहून येते ना वो माय."

"ट्रंक कशाले मंग?"

ट्रंक मी घरीच ठेवली. खरंच चार दिवसांसाठीच निघाले होते मी, हे आजही शपथेवर सांगेन.

नाक्यावर पोचले. आधी मोहाशी गेले, हातपाय धुवायच्या आधी. हे घरी होते, मागे येऊन उभे राहिले. मुळाच्या शेजारी, बुंध्यातून, तांदळाच्या दाण्याएवढं एक नवं टोक बाहेर आलं होतं. हिरवं. मी पाणी न मारता हिरवं.

"हात नाई लावला मी," हे म्हणाले. "पाहातच नव्हतो तिकडं. पाह्यलं तं पाणी घालीन म्हणून."

मग मी वळले तर ओसरीच्या कडेला बांबूचा एक मांडव उभा. नवा, चांगला, वाकानं बांधलेला, म्हणजे पळसाच्या मुळांच्या दोरानं. आणि त्यावर काही नाही. भर थंडीत एक रिकामा मांडव.

"हे कशाचं?"

"माय म्हणे घालून ठेव. जाताना सांगतलं." त्यांनी डोकं खाजवलं. "वेल कोणता ते नाई सांगतलं."

मी चार दिवस राहिले. मग वाटलं, टोक जरा लांबू दे. होळीपर्यंत ते बोटभर झालं, तर म्हटलं आता मोहाची साल पकडते की नाही ते बघून जाऊ. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी आटलं, झऱ्यावरून आणून सकाळी एक ओंजळ मारायची, दुपारी पोत्याची सावली करायची, ते सोडून कसं जाणार? पावसाळ्यात नवं पान निघायला लागलं. पावसात तर रस्ताच नव्हता. असं नव्हे की मन लागलं. चकरा चालूच होत्या. पण दरवेळी पुढचं काहीतरी बघायचं राहायचं. भाऊ पुढच्या दिवाळीला आला तेव्हा येताना ट्रंक घेऊन आला. आईनं पाठवली होती, निरोपासकट, की ओवरीतली जागा अडते.

त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून झाल्यावर, पानाच्या बगलेतून एक दांडी निघाली. मला आधी मूळच वाटलं. पण ती वर चालली होती. दांडीवर कळ्या, आणि एका सकाळी त्यातली एक उघडली. पाकळ्या पिवळसर, त्यावर तपकिरी रेघांच्या चौकडी, अगदी चौकडीच्या लुगड्यासारख्या, मागून पांढऱ्या, आणि मधोमध एक निळी जांभळी जीभ. वास असा की ओसरीवर बसलेल्या माणसानं मान वर करावी. माडिया बाई आली, तिनं बघितलं, म्हणाली, "जंगलात लय आहे." आणि तरी तिथेच बसून राहिली.

मामींना निरोप गेला. या वेळी त्या पाऊस लागायच्या पुष्कळ आधी आल्या, परतीचं आधी पक्कं करून. आल्या, मोहाखाली उभ्या राहिल्या, कंबर मागे करून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. एक एक मूळ बघितलं. मुळं आता चारी बाजूंनी खोडाला धरून होती, उघडीच. लुगड्याचा काठ केव्हाच कुजून गळाला होता.

मग म्हणाल्या, "मातीत असतं तं आणखी मोठं झालं असतं."

मी मांडवाकडे वळले. माझ्या हातात पाण्याचा गुंड होता, आणि मांडवाखाली दोडक्याच्या बिया नुकत्याच टाकल्या होत्या, त्यांना पाणी घालायचं होतं.